मत मागायला कोणाच्या दारी जावे लागते?

परभणीत राज्यशास्त्राचे एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: वंश, धर्म किंवा जातीवरून दुभंगलेल्या समाजात स्थिर सरकार यावे म्हणून निवडणूक पद्धत कशी आखावी? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न आहे. मराठवाड्यात २०२३ पासून गावागावांत मराठा आणि ओबीसी अशी जी फूट दिसते, ती प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, आणल्याने कमी होईल का?

मी महसूल खात्यात होतो. मराठवाड्यातल्या तहसील आणि जिल्हा कचेऱ्यांत निवडणूक शाखा सांभाळली, ग्रामपंचायतीच्या प्रभागांच्या नकाशापासून लोकसभेच्या मतमोजणीपर्यंत. निवृत्तीनंतर हाच विषय शिकवतो. प्रश्न मनापासून विचारलेला आहे आणि आपल्या दाराशी येऊन ठेपलेला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

सरकार भक्कम असले म्हणजे देश सुखरूप असतो, हा समज आधी बाजूला ठेवा. श्रीलंकेचा इतिहास नीट वाचा. १९७० मध्ये तिथेही मुख्यतः आपल्यासारखीच पद्धत होती, ज्याची मते जास्त तो निवडून आला. युनायटेड नॅशनल पार्टीला देशभरात श्रीलंका फ्रीडम पार्टीपेक्षा थोडी जास्तच मते पडली, पण जागा मिळाल्या १७. फ्रीडम पार्टीला ९१ मिळाल्या आणि मित्रपक्ष धरून त्या आघाडीच्या १५१ पैकी ११६ झाल्या. एवढ्या बहुमतावर १९७२ ची राज्यघटना झाली. सिंहली भाषेला आणि बौद्ध धर्माला तिने वरचे स्थान दिले. तमिळ खासदारांचे म्हणणे ऐकून घेण्याची कोणाला गरजच नव्हती, त्यांच्या मतांवाचून काही अडत नव्हते. १९७७ मध्ये पारडे फिरले आणि युनायटेड नॅशनल पार्टीला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या. वेगळ्या तमिळ राष्ट्राची मागणी घेऊन लढलेला तमिळ युनायटेड लिबरेशन फ्रंट १८ जागांवर प्रमुख विरोधी पक्ष झाला. सरकार इतके घट्ट होते की १९८२ मध्ये सार्वमत घेऊन संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवून घेतली. पुढच्याच जुलैत कोलंबोत तमिळांची घरे-दुकाने जळाली आणि २००९ पर्यंत चाललेले युद्ध पेटले. सरकार पडण्याची भीती त्या काळात एकदाही नव्हती. देश मात्र फुटत होता.

म्हणून कोणतीही पद्धत समोर आली की मी दोन गोष्टी तपासतो. हरलेल्या गटाला पुढच्या खेपेला काही हाती लागण्याची आशा उरते का? आणि जिंकणाऱ्याला जिंकण्यासाठी आपल्या माणसांच्या पलीकडे कोणाच्या दारी मत मागायला जावे लागले का? सरकार किती दिवस टिकले, हा हिशेब त्यानंतरचा.

जगात यावर दोन मोठे विचार आहेत. पहिला सांगतो, प्रत्येक गटाला त्याचा वाटा मोजून द्या आणि त्यांच्या पुढाऱ्यांना एकत्र बसून राज्य करू द्या. दुसरा सांगतो, वाटे पाडू नका. नियमच असे करा की एका गटाच्या मतांवर कोणी निवडून येऊच नये. पुस्तकांत या दोन विचारांचे भांडण फार रंगवलेले असते. प्रत्यक्षात कोणता लागू पडेल, हे लोक कुठे राहतात यावर बरेचसे ठरते. गट वेगवेगळ्या प्रांतांत राहत असतील, तर मिश्र मतदारसंघ आणायचे कुठून? आणि एकाच गावात, एकाच पाणवठ्यावर राहत असतील, तर वाटे पाडल्याने गावाचेच तुकडे होतात.

वाटे पाडण्याचे एक ठळक उदाहरण लेबनॉनचे. १९४३ च्या समझोत्यात ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यात जागा ६ ला ५ अशा ठरल्या, राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. हिशेब १९३२ च्या जनगणनेवर होता. त्यानंतर तिथे अधिकृत जनगणना झालीच नाही, कारण मोजले तर वाटे बदलायला लागतील. यादवी युद्धानंतर १९८९ च्या ताइफ कराराने जागा निम्म्या-निम्म्या केल्या. तरी २०१४ ते २०१६ आणि पुन्हा २०२२ ते जानेवारी २०२५ असा बराच काळ देशाला राष्ट्राध्यक्षच नव्हता. बोस्नियात १९९५ च्या डेटन कराराने तीन सदस्यांचे राष्ट्राध्यक्षपद केले: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. यहुदी आणि रोमा नागरिकांना त्या पदासाठी उभेच राहता येत नव्हते. २००९ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, तरी राज्यघटना पटकन बदलली नाही. ज्यांच्या हाती वाटे होते, त्यांनीच बदलाला मत द्यायचे होते.

तरी वाटणीला सरसकट वाईट म्हणू नका. युद्ध थांबवायचे असेल तेव्हा तिच्यासारखा उपाय नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये ४०० जागा पक्षांच्या याद्यांवर, मतांच्या प्रमाणात वाटल्या गेल्या. शिवाय पाच टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात जागा मागण्याचा हक्क होता. झुलू समाजाचा इंकाथा पक्ष बहिष्कार सोडून अगदी शेवटच्या आठवड्यात आला, तेव्हा मतपत्रिका छापून झाल्या होत्या. त्याच्या नावाची पट्टी खाली चिकटवावी लागली. त्याला साडेदहा टक्के मते पडली आणि तो मंत्रिमंडळात बसला. आपल्यासारखी पद्धत असती, तर क्वाझुलू-नाताळ या त्याच्या प्रांताबाहेर त्याची मते वाया गेली असती आणि हातातली शस्त्रे खाली ठेवायला त्याच्याकडे फारसे कारण उरले नसते.

आता आपल्याकडे येऊ. हे प्रश्न आपल्या भागाला नवे नाहीत. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना, १९३९ मध्ये निजाम सरकारने ज्या घटनात्मक सुधारणा जाहीर केल्या, त्यांत प्रतिनिधित्व धंद्या-व्यवसायांनुसार होते आणि निवडून येणाऱ्यांत हिंदू-मुस्लिम समसमान ठेवले होते. बहुसंख्य प्रजा हिंदू होती. आकडा वरून ठरलेला, ज्यांच्यासाठी ठरला त्यांची संमती नाही. संस्थानातल्या लोकचळवळीने तो मानला नाही आणि त्या विधिमंडळाला लोकांच्या मनात कधी जागा मिळाली नाही.

ब्रिटिश मुलखात त्याआधीच पुणे करार झाला होता, २४ सप्टेंबर १९३२ ला. आरक्षित जागा १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे जिथे फक्त अस्पृश्यच मत देणार होते ते, गेले, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. करारातली एक तरतूद मात्र विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसते. प्रत्येक आरक्षित जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी मिळून एक निवडायचा. विचार किती बारीक होता बघा. समाजाचा विश्वास नसलेला माणूस पहिल्या पायरीवरच गळतो, आणि फक्त स्वतःच्या समाजापुरते बोलणारा दुसऱ्या पायरीवर अडतो. जग आज ज्याला मोठी मिश्र रचना म्हणून शिकते, त्याचा मसुदा येरवड्याच्या तुरुंगात झाला होता.

राज्यघटना होताना ही पहिली पायरी गळाली. ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीत एस. नागप्पा यांनी दुरुस्ती मांडली की, आरक्षित जागेवरच्या विजयी उमेदवाराला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. ती मागे घ्यावी लागली. जानेवारी १९४९ मध्ये शेजारच्या वऱ्हाडातून गेलेल्या काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला: देशात साक्षरता कमी आहे, आणि सभागृहाचे तुकडे-तुकडे झाले तर सरकार टिकणार नाही. त्या काळात तो युक्तिवाद रास्त होता, असे मी मानतो. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या आणि मतदारयाद्या पहिल्यांदाच सर्व प्रौढांच्या होत होत्या. पण पहिली पायरी काढून घेतल्याची किंमतही मोजली गेली. राखीव जागेवर माणूस दलित असतो, पण कोणता दलित निवडून येणार हे बहुसंख्य मतदार ठरवतात. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेब हरले.

मराठवाड्याला याचा अर्थ १९७८ मध्ये कळला. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर आमच्या गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. सभागृहात राखीव जागांचे आमदार होते, ठरावही झाला होता. वस्तीसमोर जाऊन उभे राहील असा, दोन्हीकडची मते ज्याला लागतात असा पुढारी गावात नव्हता. माझ्या मते निवडणूक पद्धतीची खरी परीक्षा तिथे, त्या वस्तीच्या तोंडाशी होते.

ही पेचाची गोष्ट तात्त्विक वाटत असेल, तर ग्रामपंचायतीची प्रभाग रचना एकदा जवळून बघा. नऊ सदस्यांचे गाव घ्या. तीन प्रभाग, प्रत्येकात तीन जागा. तलाठी आणि ग्रामसेवक कच्चा नकाशा आणतात, त्यावर जनगणनेच्या प्रगणक गटांच्या रेषा असतात, गावच्या कडेला ओढ्यालगत दलित वस्ती. ती वस्ती एका प्रभागात अखंड ठेवायची की रेषा मधून न्यायची? आयोगाच्या सूचना सांगतात, अनुसूचित जातींच्या वस्तीचे शक्यतो विभाजन करू नये. आम्ही तसेच करायचो. एका गावी हरकतींच्या सुनावणीला वस्तीतलीच दोन माणसे परस्परविरोधी हरकती घेऊन आली. वयस्क गृहस्थ म्हणाले, "साहेब, आम्हाला दोन जागी वाटलं तर आमचा म्हणून माणूस कोणता?" त्यांच्याच भावकीतली, बारावी शिकलेली सून म्हणाली, "एका जागी ठेवलं तर बाकीचे सहा मेंबर पाच वर्षं आमच्याकडं फिरकत नाहीत. नळाची लाइन मंजूर झाली ती त्यांच्या गल्लीतून परत गेली." दोघांचेही खरे होते. नियम गृहस्थांच्या बाजूने होता, म्हणून रेषा वस्तीला वळसा घालून गेली. वाटे पाडणे आणि सगळ्यांची मते मागायला लावणे यांच्यातला सगळा वाद त्या टेबलावर, तलाठ्याच्या नकाशावर होता. वस्ती अखंड ठेवली तर तिला आवाज मिळतो. विभागली तर इतरांना तिची गरज पडते. नुसत्या खुणेच्या, एका रेषेच्या पद्धतीत दोन्ही एकदम साधत नाही.

साधायचे असेल तर मतपत्रिका बदलावी लागते. आणि ती बदललेली मतपत्रिका मराठवाड्यात कित्येक वर्षांपासून आहे. विधान परिषदेचा औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघ, आठही जिल्ह्यांचा. केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केच पेन देतात. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. आकडा देवनागरीत चालतो, इंग्रजीत चालतो, रोमन चालतो. अक्षरी "एक" लिहिले तर मत बाद, बरोबरची खूण केली तर बाद, सही केली तर बाद. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा, म्हणजे जिंकायला लागणारा आकडा, निघतो. कोणालाच तो गाठता आला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाहेर पडतो आणि त्याचे गठ्ठे सोडून एकेक पत्रिका दुसऱ्या पसंतीच्या खणात जाते. रात्रभर हे चालते, दुसरा दिवस उजाडतो, मोजणाऱ्यांचे डोळे तांबारतात. पदवीधर मतदार असूनही बाद मतांची संख्या हजारांच्या घरात जाते, हेही नोंदवून ठेवा. पसंतीक्रम आणू म्हणणाऱ्याने आधी मतदार शिक्षणाचे बोलावे.

पण प्रचार काळात काय घडते, ते जास्त मोलाचे आहे. उमेदवार विरोधकाच्या हक्काच्या मतदाराकडे जातो आणि म्हणतो, "एक नंबर तुमच्या माणसाला द्या, दोन नंबर तरी मला द्या." हे म्हणायचे असेल तर आदल्या सभेत त्या माणसाच्या समाजाबद्दल काहीबाही बोलून चालत नाही. विधानसभेला हाच उमेदवार त्या दारी जात नाही. तिथे दुसऱ्या नंबराला किंमत नाही, म्हणून तो विरोधकाच्या जातीचा एखादा अपक्ष उभा करून मते फोडतो. माणूस तोच असतो. नियम बदलला की त्याची जीभ बदलते.

औरंगाबाद लोकसभेचा २०१९ चा निकाल याच दृष्टीने वाचा. विजयी उमेदवाराला ३,८९,०४२ मते, दुसऱ्याला ३,८४,५५०, तिसऱ्या अपक्षाला पावणेतीन लाखांहून अधिक. जिंकणाऱ्याकडे एकूण मतांचा तिसरा हिस्साही नव्हता. यात जिंकणाऱ्याचा काही दोष नाही, त्याने नियमाप्रमाणेच जिंकले. पण तिसऱ्या उमेदवाराच्या मतदारांना दुसरी पसंती देता आली असती, तर पहिल्या दोघांना सबंध प्रचार वेगळा करावा लागला असता. निकाल बदलला असता की नाही, हा प्रश्न गौण आहे.

पसंतीक्रमाने सगळे सुटते, असे मात्र लिहू नका. पापुआ न्यू गिनीत शेकडो भाषा, शेकडो कुळे. १९७५ च्या स्वातंत्र्याआधी तिथे पसंतीक्रम होता, मग त्यांनी आपल्यासारखी पद्धत घेतली. प्रत्येक कुळाने आपला उमेदवार उभा केला, अत्यल्प मतांवर खासदार होऊ लागले, आणि २००२ च्या निवडणुकीत डोंगराळ भागात एवढी हिंसा झाली की काही जागांचे मतदान रद्द ठरले. २००७ पासून तिथे तीन पसंत्यांची सक्ती आहे. तिथे ही पद्धत शोभते, कारण कोणतेच कूळ एकटे मोठे नाही.

फिजीत उलटे झाले. १९९७ च्या राज्यघटनेने पसंतीक्रम आणला, पण मतदाराला सवलत दिली की सगळे आकडे न लिहिता एका पक्षावर खूण करा, पुढच्या पसंत्या त्या पक्षाने आधीच नोंदवलेल्या असतील. बहुसंख्य मतदारांनी तेच केले. दुसऱ्या पसंतीची बोलणी गावात व्हायची ती पक्ष कचेऱ्यांत झाली, आणि तीही कोणाला पाडायचे या हिशेबाने. १९९९ मध्ये लेबर पार्टीला ७१ पैकी ३७ जागा मिळाल्या, महेंद्र चौधरी हे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले, आणि मूळ फिजियन लोकांच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या हाती ८ जागा उरल्या. वर्ष उलटताच, १९ मे २००० ला, बंदुका घेऊन माणसे संसदेत शिरली. उठावाचे समर्थन होऊच शकत नाही. पण आखणीच्या दृष्टीने दोन चुका दिसतात: दुसरी पसंती मतदाराच्या हातून काढून घेतली, आणि एकाच जागेच्या मतदारसंघांमुळे हरणाऱ्याचे सगळेच गेले.

नायजेरियाची वाट आणखी वेगळी. १९७९ पासून राष्ट्राध्यक्षाला नुसती जास्त मते पुरत नाहीत, दोन-तृतीयांश राज्यांत किमान पाव मतेही लागतात. पहिल्याच निवडणुकीत १९ राज्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे १२ की १३, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केनियाने २०१० मध्ये असाच नियम केला, ४७ पैकी किमान २४ कौंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, पाव मते. एका माणसाच्या पदासाठी हा नियम चांगला आहे. आपल्याकडे थेट जनतेतून सरपंच निवडण्याचा कायदा २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. या उलटापालटीत कोणी असा विचार केला नाही की, थेट सरपंचाला प्रत्येक प्रभागातून थोडी तरी मते मिळालीच पाहिजेत अशी अट घालता येईल का. मला तो प्रयोग व्हावासा वाटतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर. सबंध राज्याची एक यादी करून मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या, तर मराठवाड्यातली फूट वाढेल, असे माझे मत आहे. आज मराठा, वंजारी, धनगर, माळी, बंजारा, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध, मातंग या सगळ्यांना कोणत्या ना कोणत्या मोठ्या पक्षात शिरून तिकिटासाठी भांडावे लागते. ते भांडण त्रासदायक असते, पण त्यात एकमेकांशी बोलणे होते. तीन-चार टक्क्यांवर जागा मिळू लागल्या की प्रत्येक जातीचा स्वतःचा पक्ष निघेल आणि त्याचा पुढारी फक्त आपल्याच माणसांपुढे, रोज थोडे जास्त कडक बोलेल.

छोट्या मतदारसंघातले प्रमाण आणि पसंतीक्रम एकत्र आणले, तर चित्र वेगळे होते. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ पासून हेच आहे: पाच-सहा जागांचा मतदारसंघ, मतदाराचे मत एकच, पण पसंत्या हव्या तेवढ्या. तिथले सरकार वरचेवर बंद पडते ते दोन्ही बाजूंच्या मोठ्या पक्षांना मंत्रिमंडळ अडवता येते म्हणून. मतपत्रिकेचा तो दोष नाही. मराठवाड्याच्या विधानसभेच्या ४६ जागा जिल्हावार मांडा. जालन्याच्या पाच जागांचा एक मतदारसंघ धरला, तर कोटा सहाव्या हिश्शाहून एक मत जास्त, म्हणजे साधारण १७ टक्के. बीड किंवा लातूरला सहा जागा, कोटा साधारण सव्वाचौदा टक्के. एवढी मते ज्या गटाकडे आहेत, त्याला दुसऱ्याच्या मेहरबानीवाचून आपला माणूस पाठवता येईल. सुनावणीतल्या त्या गृहस्थांची मागणी पुरी झाली. आणि शेवटची जागा कोणाला मिळणार, हे जवळजवळ नेहमी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर ठरेल. त्या सुनेचीही झाली. राखीव जागेसाठी एक नियम जोडावा लागेल: त्या गटातला शेवटचा उरलेला उमेदवार बाद करायचा नाही. तोटेही आहेत. उमेदवाराला सगळा जिल्हा पालथा घालावा लागेल, खर्च वाढेल, आणि आपला आमदार म्हणून हक्काने एकालाच फोन लावण्याची लोकांची सवय सुटेल. ही सवय गरीब माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे, ती हलकी समजू नका.

म्हणून विधानसभेपासून सुरुवात करू नये. महानगरपालिकांत बहुसदस्य प्रभाग आधीच आहेत. २०१७ मध्ये नांदेडला चार-चार जागांच्या प्रभागांत मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देत होता. अशा पद्धतीत प्रभागातल्या सर्वांत मोठ्या गटाचे पॅनल चारही जागा नेऊ शकते. तेव्हा एका पक्षाला ८१ पैकी ७३ जागा मिळाल्या. आधीच्या, २०१२ च्या सभागृहात ११ नगरसेवक असलेल्या दुसऱ्या पक्षाला एकही मिळाली नाही. लोकांचा कौल त्या पक्षाकडे होता, यात शंका नाही. पण एवढा एकतर्फी आकडा यायला पद्धतीचाही हात लागतो. तिथेच चार मतांऐवजी एक मत आणि पसंत्या दिल्या, तर कोटा वीस टक्क्यांच्या थोडा वर राहील. यासाठी राज्यघटना बदलायची गरज नाही, राज्याचा कायदा पुरतो. मतदान यंत्रात बदल करावा लागेल, ते काम वेळखाऊ आहे, पण अशक्य नाही.

आणि जे काही कराल त्याला मुदत घाला. आपल्या राज्यघटनेच्या ३३४ व्या कलमाने राखीव जागांना दहा वर्षांची मुदत दिली होती. ती दर दहा वर्षांनी वाढवत आता २०३० पर्यंत आली आहे. मुदत वाढवावी लागते म्हणून संसदेला दर दहा वर्षांनी तो विषय पुन्हा उघडावा लागतो. लेबनॉन आणि बोस्नियाला हीच सोय ठेवता आली नाही.

तुमच्या प्रबंधासाठी एक काम सुचवतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते असते. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चारही विधानसभा एकाच परिसीमनावर, म्हणजे मतदारसंघांच्या त्याच सीमांवर, झाल्या, त्यामुळे जालना किंवा बीडचा एक मतदारसंघ घेऊन तुलना करता येईल. प्रत्येक निवडणुकीत पहिल्या दोन उमेदवारांना किती केंद्रांवर किमान पंधरा टक्के मते पडली, ते मोजा. ही संख्या घसरत गेलेली दिसली, तर उमेदवार काही गावांकडे जायचेच थांबले आहेत, असा अर्थ होतो. मग त्या गावांत जाऊन विचारा. प्रबंधात मात्र गावाचे किंवा केंद्राचे नाव छापू नका, स्वतःचे सांकेतिक क्रमांक द्या. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजायची सोय होती. यंत्रे आल्यापासून कोणत्या गावाने कोणाला मत दिले ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळते. केंद्रांची बेरीज एकत्र दाखवणारे यंत्र आणावे असे निवडणूक आयोगाने सुचवूनही ते अजून आलेले नाही, आणि अशा यादीवरून गावाचा टँकर थांबल्याचे मी पाहिले आहे.